सोमवारच्या फोनवर लेकाला काय सांगू?

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देतेय, ओळख पटेल असं काढून टाकलंय.

"ताई नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीकडचे, बरीच वर्षं अमेरिकेत युटा राज्यातल्या लीहाय गावात राहतो. एकच मुलगा. शाळेत त्याचे सगळे मित्र मॉर्मन, म्हणजे इथल्या एका ख्रिस्ती पंथाचे, त्यांच्याबरोबर हा पण शाळेशेजारच्या सेमिनरीत, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, एक तास जायला लागला, आम्हाला वाटलं जाऊ दे, चांगली मुलं आहेत, दारू-सिगरेट नाही. सतरा वर्षांचा असताना म्हणाला बाप्तिस्मा घ्यायचाय. आम्ही सही दिली नाही. अठरा पूर्ण झाल्यावर आठवड्याभरात घेतला. त्यांच्यात चहा चालत नाही, आमच्या घराण्यात चहाला नाही म्हणणारा हा पहिला माणूस. मग नियमाप्रमाणे एक वर्ष थांबला, त्या वर्षात वेअरहाऊसमध्ये काम करून पैसे साठवले आणि मिशनला, म्हणजे धर्मप्रचाराला जायला, अर्ज केला. स्वीडन मिळालं. मे महिन्यात गेला, दोन वर्षांसाठी, सध्या उत्तरेला उमेओत आहे. सुरुवातीला सोमवारच्या फोनवर खूप हसायचा. तिकडे दारावर लोक 'नेय ताक' म्हणतात, म्हणजे नको, धन्यवाद. तर हा म्हणायचा, आई मला दिवसभर सगळे ताक नाही ताक नाही सांगतात. गेले पाच-सहा आठवडे मात्र गप्प असतो. जेवलो, झोपलो, ठीक आहे, एवढंच. एरवी इंग्लिशमध्येच बोलतो पण मागच्या सोमवारी एकदम मराठीत म्हणाला, आई, मी परत आलो तर चालेल का? तेवढ्यात त्याचा पार्टनर खोलीत आला तसा परत इंग्लिशमध्ये हवापाण्याचं बोलायला लागला. ह्यांचं म्हणणं उद्याच्या उद्या तिकीट काढ, कॉलेजची दोन वर्षं वाया चाललीत. आणि मला, खरं सांगते, ते ऐकून आधी आनंद झाला. मग रात्रभर झोप नाही. आपल्या पोराच्या रडण्याचा आनंद झाला मला. आता सोमवारी परत फोन येईल. ये म्हणू की राहा म्हणू?"

ताई, तुम्हाला आनंद झाला त्याचंच आधी बोलते, कारण ते मनात टोचत राहिलं तर सोमवारी तुम्ही एकतर त्याला घाईने बोलावून घ्याल नाहीतर स्वतःला शिक्षा म्हणून "राहा बाळा, सहन कर" म्हणाल, आणि दोन्ही चुकीचं होईल. आनंद त्याच्या रडण्याचा नव्हता हो. दोन-तीन वर्षं जो मुलगा हातातून सुटत चाललाय असं वाटत होतं तो "आई" म्हणून वळला, त्याचा होता. कुठल्याही आईला होईल. त्याबद्दल माफी मागायची गरज नाही, फक्त तो आनंद सोमवारच्या फोनवर आणू नका एवढंच.

मी चर्चची सदस्य नाही आणि व्हायचा विचारही नाही. पण एकवीस वर्षं सॉल्ट लेकच्या खोऱ्यात राहतेय, आमच्या गल्लीतली दहातली सात घरं त्यांची, त्यामुळे मिशनवर जाणारी आणि तिथून परत येणारी मुलं इतकी पाहिलीत की गणती नाही. त्यातली वेळेआधी परत आलेली पण पाहिलीत, त्यांच्या आया माझ्या ओट्याशी उभं राहून रडल्यात. तेव्हा जे सांगतेय ते बघून सांगतेय.

पहिल्यांदा त्याचा दिवस कसा असतो ते ऐका, कारण "जेवलो झोपलो" मधून तुम्हाला काहीच कळलेलं नसणार. सकाळी साडेसहाला उठायचं. व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग एकट्याने धर्मग्रंथाचा अभ्यास, मग पार्टनरबरोबर अभ्यास, मग भाषेचा अभ्यास. त्यानंतर बाहेर. लोकांना रस्त्यात गाठायचं, दारं वाजवायची, फोनवर मेसेज टाकायचे, कुणी भेटायचं कबूल केलं असेल तर त्याच्याकडे जायचं आणि तो घरी नसतो, फुकट इंग्लिशचे क्लास घ्यायचे, कुणाचं सामान हलवायला मदत करायची. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत घरी, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून वेळापत्रक थोडं सैल केलंय पण साचा तोच. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, आवडीची गाणी नाहीत, आणि आठवड्यातून एक दिवस तयारीचा, बहुतेक सोमवार, त्यात कपडे धुणं, बाजार, केस कापणं आणि घरी फोन. हा दर आठवड्याचा फोन पण २०१९ च्या फेब्रुवारीपासून मिळाला, त्याआधी वर्षातून दोनदा, नाताळ आणि मदर्स डेला. आमच्या शेजारणीच्या थोरल्या मुलाच्या वेळी ती मदर्स डेच्या दिवशी सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसलेली मी पाहिलीये.

आणि पार्टनर. कंपॅनियन म्हणतात त्याला. तो निवडता येत नाही, मिशन प्रेसिडेंट नेमून देतो, आणि त्याला सोडून कुठेही जायचं नाही, नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं, बाथरूम सोडून. एकाच खोलीत झोपायचं. तो घोरणारा असो, अबोल असो, नियमाचा पक्का असो की नियम मोडणारा असो, चोवीस तास तोच. आपल्याकडे नवीन लग्न झालेल्यांना पण दिवसातून आठ तास ऑफिसचा आराम असतो.

अशाने पोरांचं काय होतं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी, असाच जानेवारी, आमच्याकडे दीड फूट बर्फ पडलेला आणि दोन मिशनरी पोरं दारात, काळी नावाची पट्टी, टाय, हातात फावडी, म्हणाली तुमचा ड्राइव्हवे साफ करून देतो. केला त्यांनी. मग मी आत बोलावलं, वरणभात आणि बटाट्याची भाजी वाढली. इथे चर्चची कुटुंबं या पोरांना पाळीपाळीने जेवायला घालतात, यादी फिरते, आज यांच्याकडे उद्या त्यांच्याकडे. माझे आजोबा पुण्यात वारावर जेवून शिकले होते, त्यामुळे मला त्या यादीचं फार अप्रूप, मी पण कधीकधी त्यात नाव घालते. तर दोघांतला जरा बारका होता तो वरणभात कालवत होता पण तोंडात जात नव्हता. दुसरा हात धुवायला बाथरूमला गेला. दार लागल्याचा आवाज आला आणि हा बारका माझ्याकडे बघून एकदम घाईघाईने, ताटावरून नजर न उचलता म्हणाला, मॅम, आज सकाळी मी बुटाची लेस बांधायला बसलो आणि वीस मिनिटं मला उठताच आलं नाही. त्याचा एक बूट माझ्या टेबलाखाली होता, मी वाकून पाहिलं, लेस खरंच सुटलेली, ओली, बर्फाने कडक झालेली. तेवढ्यात नळ बंद झाला. बाथरूमचं दार उघडलं आणि हा हसून म्हणाला, इट्स डिलिशस. त्याच्याकडे दोनच मिनिटं होती. आठवड्यातली तीच दोन मिनिटं, आणि ती त्याने एका अनोळखी बाईच्या स्वयंपाकघरात खर्च केली.

आता तुमच्या पत्रातली ती ओळ परत वाचा. एरवी इंग्लिशमध्ये बोलणारा मुलगा मराठीत म्हणाला "परत आलो तर चालेल का", आणि पार्टनर आला तसा इंग्लिशवर गेला. ताई, त्याच्याकडे दार लावून बसायला खोली नाहीये. मराठी हीच त्याची दार लावलेली खोली आहे. चहा सोडला, धर्म बदलला, तुम्हाला वाटतं सगळंच टाकून गेला, पण जीव घुसमटला तेव्हा तो त्याच खोलीत येऊन बसला. म्हणून सोमवारी पहिल्या वाक्यापासून मराठीत बोला. तो इंग्लिशमध्ये उत्तर देईना का, तुम्ही मराठीच चालू ठेवा, म्हणजे पार्टनर शेजारी बसलेला असला तरी त्याला हवं ते बोलता येईल. आणि त्याला घरच्या नावाने हाक मारा, जे काय लहानपणीचं असेल ते. तिथे तो एल्डर, मुलगे मिशनरी असले की असंच म्हणतात, आणि पुढे आडनाव, बस्. आठ महिन्यांत त्याचं नाव घेणारं कुणी जवळ नाही, सोमवारी तुम्ही घेता तेवढंच.

दुसरं, त्याने "येऊ का" असं विचारलेलं नाही, "आलो तर चालेल का" असं विचारलंय. यात फरक आहे. त्याला अजून ठरवायचंय, त्याआधी त्याला हे बघायचंय की घराचं दार कसं आहे. तुम्ही ज्या दोन गोष्टींत अडकलाय, ये म्हणू की राहा म्हणू, त्या त्याने तुम्हाला विचारलेल्याच नाहीत. तेव्हा जे विचारलंय त्याचंच उत्तर द्या. "चालेल. कधीही चालेल. उद्या आलास तरी आणि दोन वर्षं पूर्ण करून आलास तरी, मी एअरपोर्टला असेन, आणि कुणी काही विचारलं तर मी बघून घेईन." एवढंच म्हणा आणि थांबा. त्याच्यापुढे "तरी आम्ही सांगत होतो" नको, "तुझ्या देवाने काय दिलं" नको, आणि "घेतलं आहेस तर आता पूर्ण कर, आपल्यात अर्धवट सोडत नाहीत" हे पण नको. आपल्याकडे मुलं हॉस्टेलवरून रडत फोन करतात तेव्हा आपण हे शेवटचं वाक्य सवयीने बोलतो, माझ्या बाबांनी मला बोललं होतं, मला ते अजून आठवतं.

मग ऐका. इथे मात्र जरा नीट लक्ष द्यायला लागेल कारण "परत यायचंय" च्या मागे वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाला उपाय वेगळा.

एक म्हणजे नुसती दमछाक आणि घरची आठवण. आणि ती जागा पण बघा कोणती आहे. उमेओला डिसेंबरात सूर्य सव्वानऊ-साडेनऊला उगवतो आणि दुपारी दोन वाजायच्या आत मावळतो. म्हणजे पोरगा सकाळचा अभ्यास संपवून बाहेर पडतो तेव्हा नुकतं उजाडलेलं असतं आणि दुपारचं जेवण पोटात उतरेपर्यंत रात्र. लीहायमध्ये वर्षभर ऊन पाहिलेला मुलगा तो. त्यात स्वीडनमध्ये बहुतेक बिल्डिंगच्या खालच्या दाराला आकड्यांचं कुलूप असतं, पोर्टकोड म्हणतात, कोड माहीत नसेल तर जिन्यापर्यंत पण पोचता येत नाही. म्हणजे निदान "ताक नाही" म्हणायला तरी कुणी दार उघडायला हवं, ते पण नाही. लोक वाईट नाहीत, उद्धट पण नाहीत, फक्त त्यांना धर्माची चर्चा अनोळखी माणसाशी करायची नसते. अशा देशात सगळे दिवस नकाराचे जातात. हे काही नवीन नाही, आपल्याच पुण्यात १८५० च्या दशकात ह्याच चर्चचा ह्यू फिंडले नावाचा मिशनरी येऊन राहिला होता, आधी मुंबईत मग पुण्यात, मराठी लोकांसाठी म्हणून पत्रक पण काढलं होतं, आणि काही वर्षांच्या खटपटीनंतर हाताला लागली मोजकी माणसं. तेव्हा दारात नको म्हणणारे आपले पणजोबा-खापरपणजोबा होते. आज आपला पोरगा त्या दाराच्या बाहेर उभाय. मला हे लिहिताना पण कसंतरी होतंय.

तर हे जर असेल तर ते उजेडाबरोबर बरंचसं हलकं होतं. फेब्रुवारीत त्या भागात दिवस रोज पाच-सहा मिनिटांनी वाढतो, महिन्याभरात फरक डोळ्याला दिसतो. त्याला सांगा दुपारी उजेड असेल तेव्हा बाहेर राहा, घरातली कामं अंधारावर ढकल, आणि मिशनच्या डॉक्टरांना हिवाळ्यातल्या उदासीबद्दल आणि व्हिटॅमिन डी बद्दल विचार. स्वीडिश लोक स्वतः हिवाळ्यात खास दिवे लावून बसतात, त्यात लाजायचं काही नाही.

दुसरं कारण पार्टनर. हे बहुतेक मुलं सांगत नाहीत, कारण तो शेजारीच असतो. म्हणून मराठीत सरळ विचारा, "तो कसा आहे? त्रास देतो का?" नुसतं जमत नाही एवढंच असेल तर लक्षात ठेवा की मिशनमध्ये साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, ट्रान्स्फर म्हणतात, पार्टनर बदलतो, कधी गाव पण बदलतं. मी अशी मुलं पाहिलीत की सहा आठवडे मरणाचे आणि पुढचे सहा आठवडे आयुष्यातले सगळ्यात चांगले, फरक फक्त खोलीतल्या दुसऱ्या माणसाचा. पण त्रास जर खरा त्रास असेल, धमकावणं, अंगावर येणं, तर ट्रान्स्फरची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मिशन प्रेसिडेंटला कळवायचं, आणि तो कळवत नसेल तर तुम्ही कळवायचं.

तिसरं, त्याचा विश्वासच डळमळलाय. असू शकतं. दारोदार एक गोष्ट शंभर वेळा सांगताना माणूस ती स्वतः पण ऐकत असतो. ताई, इथे तुमची खरी परीक्षा आहे कारण तुम्हाला हेच ऐकायचंय. त्याने असं काही सुचवलं तर उडी मारू नका. "हो का, मग काय वाटतं तुला" एवढंच. तो बाप्तिस्मा तुमच्या मर्जीविरुद्ध त्याने स्वतः घेतला, आता राहायचं की नाही हे पण त्याचं त्यालाच ठरवू द्या, तुम्ही ओढलंत तर पुढे आयुष्यभर त्याला वाटेल की आईने ओढलं म्हणून आलो.

आणि चौथं, जे मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं, ते म्हणजे आजार. तुम्ही लिहिलंय पाच-सहा आठवडे गप्प आहे. ताकाचा तो जोक त्याने शेवटचा कधी केला ते आठवून बघा. माणूस दमला की चिडतो, रडतो, तक्रार करतो. तक्रार पण बंद झाली, हसणं पण बंद, नुसतं ठीक आहे ठीक आहे, तर ते डिप्रेशनकडे चाललेलं असू शकतं. तेव्हा झोपेचं विचारा, म्हणजे झोपलास का असं नाही, रात्री किती वाजता जाग येते, मग परत लागते का. भूक कशी आहे, कपडे सैल झालेत का. सकाळी उठताना काय वाटतं. कशात तरी मजा येते का, एखादा माणूस, एखादी जागा. आणि हे विचारायला जड जाईल पण विचाराच, "जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का रे?" विचारल्याने मनात येत नाही, उलट आधीच आलेलं असेल तर बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं, किंवा नुसती शांतता आली, तर पुढच्या सोमवारची वाट बघायची नाही. त्याला फोनवरच ठेवा, दुसऱ्या फोनवरून मिशन प्रेसिडेंटला लावा, नंबर तुमच्याकडे असेलच, नसेल तर आजच बिशपकडून, म्हणजे त्याच्या इथल्या चर्चच्या प्रमुखाकडून, घ्या, हे सोमवारच्या आधी करायचं काम आहे. आणि धोका लगेचचा वाटला तर पार्टनरला फोन द्यायला सांगून स्वीडनचा ११२ नंबर लावायला सांगा. अशा वेळी तो पार्टनर शेजारी असतो हीच चांगली गोष्ट.

चर्चने स्वतः मिशनरींसाठी ताणावर एक पुस्तिका काढलेली आहे, त्यात ताणाचे चार रंग दिलेत, हिरवा, पिवळा, केशरी, लाल, आणि पुढच्या रंगांवर गेलात तर मदत मागा असं स्पष्ट लिहिलंय. ती त्याच्याकडे असणार. "तू आज कुठल्या रंगात आहेस?" असं विचारलंत तर त्याला एका शब्दात उत्तर देता येईल, पार्टनर समोर असला तरी. मिशन प्रेसिडेंटमार्फत काउन्सेलरशी बोलायची सोय पण होते, फोनवर किंवा व्हिडिओवर. नुसती मदत मागितली म्हणून लगेच कुणी घरी पाठवत नाही, हे त्याला सांगा, बऱ्याच पोरांना हीच भीती असते.

आजार नसेल, लाल रंग नसेल, तर माझं मत असं की त्याला ताबडतोब निर्णय घेऊ नकोस म्हणा पण तारीख मात्र ठरवून घ्या. पुढची ट्रान्स्फर कधी आहे ते विचारा, आणि म्हणा, तोपर्यंत बघ, तेव्हा पण असंच वाटलं तर प्रेसिडेंटशी बोल आणि निघ, आम्ही आहोत. नुसतं "थोडे दिवस बघ" म्हणालात तर त्याला ते कधी न संपणारं वाटेल. तारीख असली की माणूस तग धरतो आणि निर्णय पण रडण्याच्या रात्री न होता उजेडी होतो.

आणि त्याला हे पण माहीत असू दे की परत येणं म्हणजे सगळं संपलं असं नाही. घरी राहून सर्व्हिस मिशन करता येतं, फूड बँक, दवाखाना असल्या ठिकाणी, वेळेआधी आलेली कितीतरी मुलं ते करून उरलेला काळ पूर्ण करतात. त्याचा विश्वास अजून असेल तर त्याला या माहितीने फार धीर येईल, त्यामुळे तुम्हाला आवडो न आवडो, सांगा.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. ते रागावलेत, आणि मला वाटतं त्या रागात काळजीच जास्त आहे, पण "वर्षं वाया" हे त्यांनी जरा तपासून बघावं. अमेरिकेतून जाणाऱ्या मुलाचे मिशनला महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात, २०२० पासून हाच आकडा आहे, म्हणजे २४ महिन्यांचे १२ हजार. अठरा-एकोणीस वर्षांच्या ज्या मुलाने वेअरहाऊसमध्ये खोकी उचलून यातले जमतील तितके साठवले, त्याला पैशाची आणि वेळेची किंमत कळत नाही असं नाही म्हणता येणार. युटातली विद्यापीठं मिशनवर गेलेल्या मुलांची जागा राखून ठेवतात, ते पण आधीच विचारून ठेवा म्हणजे तो प्रश्न मिटेल. त्यांना फक्त एवढं सांगा की तिकीट आपण काढायचं ठरवलं तर तो आपल्या तिकिटावर येईल, त्याने ठरवलं तर स्वतःच्या पायावर येईल.

तो आलाच, तर एक तयारी मनाची करून ठेवा. सॉल्ट लेक एअरपोर्टवर तुम्ही पाहिलं असेल, दोन वर्षं पूर्ण करून मुलं येतात तेव्हा फुगे, पाट्या, सगळा गोतावळा. वेळेआधी येणाऱ्याला नुसतं मागच्या दाराने आल्यासारखं होतं. मग रविवारी चर्चमध्ये "अरे इतक्यात कसा?" हा प्रश्न. या गोष्टीचा मला इथल्या समाजावर राग आहे, स्पष्टच सांगते, चांगली माणसं आहेत, बर्फ काढून देतात, आजारपणात डबे आणतात, पण या एका बाबतीत मुलांना फार एकटं पाडतात. मुलांना मिशन हे कर्तव्य म्हणून लहानपणापासून सांगितलेलं असतं, त्यामुळे जो परत येतो तो स्वतःच्या नजरेतून आधी उतरलेला असतो. अशा वेळी तुमचं घर मॉर्मन नाही हे त्याच्या फायद्याचं आहे. तुमच्या घरात त्याला मिशनरी म्हणून कुणी मोजणार नाही. मात्र "बरं झालं सुटलास" असं पण म्हणू नका, कारण जे त्याला प्रिय होतं ते गमावून आलेला असेल तो. आल्या आल्या चहा पुढे करू नका. त्याने मागितला तर द्या, नाही मागितला तर गरम दूध द्या आणि विषय काढू नका.

आणि तो राहिलाच, तर राहू द्या. आईचा पराभव नाही त्यात.

पार्सल पाठवायचं तर जाड लोकरी मोजे, मेतकूट, भाजलेल्या शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, आणि आमटी-भाताची कृती तुमच्या हाताने मराठीत लिहून. त्या भागात जेवायला बोलावणारी घरं फार नसतात, पोरं स्वतःच शिजवतात, पास्ता नाहीतर पास्ता. तूप, पनीर, दुधाचं काही घालू नका, बाहेरून तिकडे पाठवायला बंदी आहे, अख्खं पार्सल अडकेल.

सोमवारी तुमच्याकडे सकाळ असेल तेव्हा त्याची संध्याकाळ असते, अंधार पडून तीन-चार तास झालेले असतात. मिस्टरांना त्या दिवशी ऑफिसला उशिरा जायला सांगा. ते काही बोलले नाहीत तरी चालेल, नुसते शेजारी बसून दिसले पाहिजेत त्याला.